जुन्या कपड्यांची सुनावणी

प्रिय छोटे,

फोनवर तू विचारलंस, आवाज असा का येतोय, तेव्हा मी सर्दीवर ढकललं. सर्दीबिर्दी काही नाही. परदेशातून येणाऱ्या जुन्या कपड्यांवर सरकार बंदी आणणार, हे बाजारात ज्याच्या त्याच्या तोंडी आहे, आणि माझा जीव टांगणीला लागलाय. त्याआधी म्हणे सगळ्यांचं म्हणणं ऐकून घेणार आहेत. सुनावणी पुढच्या महिन्यात आहे.

तुझे दाजी नेहमीसारखे निवांत. होईल काहीतरी, म्हणतात आणि कूस बदलतात. काल दुकानात जुन्या कपड्यांचा नवा गठ्ठा फोडला. वरची पट्टी कापताना आपण दोघी कशा श्वास रोखून बसायचो! आत काय निघेल ते घेणाऱ्यालाही ठाऊक नसतं. या वेळी निम्मे जाडजूड कोट निघाले, तेही या उकाड्यात. दाजींनी एक अंगात चढवून दुकानभर मिरवून दाखवला. मी हसले, आणि हसता हसता मला रडूच कोसळलं. ते इतके घाबरले की कोट घालूनच पाणी आणायला धावले.

आई गेल्यावर याच गठ्ठ्यांवर आपलं घर चाललं, तू शिवणकाम शिकलीस. उपकार म्हणून काढत नाहीये गं. तू कपड्यांच्या कारखान्यात लागलीस तेव्हा मीच सगळ्या बाजाराला सांगत सुटले होते. आता त्याच कारखान्यात निम्मी मशिनं झाकून ठेवलीत, हे तू मला सांगितलं नाहीस, दुसऱ्यांकडून कळलं. आमच्याकडे धडका शर्ट रद्दीच्या भावात मिळत असेल तर तुम्ही शिवलेला नवा कोण घेणार? एवढं मलाही कळतं, मी काही दूधखुळी नाही. बंदी आली तर मी घरी बसणार, नाही आली तर तू. देवापुढे हात जोडते, पण मागायचं काय तेच सुचत नाही.

आता फोनवर जमेना म्हणून लिहिते. बाजारातर्फे बोलायला मला उभं केलंय. कारखान्यातर्फे तू बोलणार आहेस, हेही मला समजलंय. माझ्याखातर तू ऐन वेळी माघार घेशील, याची मला धास्ती वाटते. घेऊ नकोस. तुझ्या भरवशावर कितीतरी मुली आहेत. मीही घेणार नाही, माझ्याही भरवशावर माणसं आहेत. फक्त बोलताना माझ्याकडे बघू नकोस. शाळेत तू कविता म्हणायचीस तेव्हा मी खाली बसून मान डोलवत राहायचे, म्हणजे तू अडखळत नसायचीस. ती सवय अजून गेलेली नाही. तू बघितलंस तर मी मान डोलावीन, आणि माझ्या मागे सगळा बाजार बसलेला असेल.

तुझीच, त्या दिवशी समोरच्या बाकावर असणारी,
ताई