शेड सुनेला, बल्ब भाऊजींना

हो वकीलसाहेब, शुद्धीवर आहे मी. आज मंगळवार. सकाळी एकशे ऐंशी तलंगांची खेप गेली, दोन लंगडत होत्या त्या मी ठेवून घेतल्या. एवढं पुरे का? मग लिहिते. हे मी माझ्या राजीखुशीनं लिहितेय. मला दाबून लिहून घेणारा माणूस अजून जन्मायचाय. याआधी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही. निघालंच एखादं, तर ते खोटं आणि भाऊजींनी केलेलं समजावं.

वय बहात्तर. धंदा तलंगा वाढवण्याचा. म्हणजे कोंबडीची एका दिवसाची पिल्लं आणायची, सोळा आठवडे सांभाळायची आणि अंड्यावर यायच्या आत विकायची. नवरा गेला तेव्हा साठ पिल्लं आणि ही शेड मागे ठेवून गेला. त्याला सत्तावीस वर्षं झाली.

राहतं घर मुलाला. बँकेतले पैसे त्याच्या दोघी मुलींना सारखे. मुलानं रडत बसू नये, स्वयंपाकघराचं छप्पर गळतंय ते आधी बघावं.

मागची शेड, तिच्याखालची जागा, पाण्याची भांडी, खाद्याचे डबे आणि तेव्हा असतील तेवढे पक्षी सुनेला. एकटीला. मुलाचं नाव त्यात घालायचं नाही. मागच्या महिन्यात जेवताना तो म्हणाला, "आई, काका शेड मागतायत, टेम्पो लावायला. भाव चांगला देतील. तुझ्यानंतर हे करणार कोण?" सून वाढता वाढता म्हणाली, "मी करणार." तो हसला. हसण्यात तो थेट काकावर गेलाय. मी तेव्हाच ठरवलं.

काका म्हणजे माझे धाकटे दीर, शेजारच्या घरातले भाऊजी. नवरा जाऊन महिना झाला नव्हता, तेव्हा आले आणि चहात बिस्किट बुडवत म्हणाले, "वहिनी, तलंगा वाढवून कुणाचं भलं झालंय? चार महिने तुम्ही खाऊ घालणार, अंडी दुसरा खाणार. शेड मला देऊन टाका."

मी म्हटलं, "भाऊजी, बिस्किट पडलं बघा."

शेड दिली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यांच्या अंगणातून शेडकडे जाणाऱ्या वाटेला दार बसवून कुलूप घातलं. नऊ वर्षं मी खाद्याची पोती डोक्यावरून, गटाराच्या कडेनं फिरून नेली. माझी मान आजही डावीकडे वळत नाही. तिकडे भाऊजींचंच घर आहे, त्यामुळे फारसं अडत नाही.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर आता लेखी देते. तलंगांत पैसे सुटतात. पण पिल्लं आणायच्या आधी गिऱ्हाईक पक्कं पाहिजे. सतराव्या आठवड्यात न विकलेली तलंग मालकिणीला खाते. सूनबाई, हे पाठ कर.

अट एकच. शेड सोडा, तिचा एक पत्राही भाऊजींना किंवा त्यांच्या मुलांना विकायचा नाही, भाड्यानं द्यायचा नाही. टेम्पो पावसात गंजू दे. अट मोडली तर शेड माझ्या तलंगा नेणाऱ्या अंडीवालीला जाईल, आणि ती भाऊजींना चांगली ओळखून आहे.

जाऊबाईंना माझी लोकरीची शाल. नवरा घरात नसला की गुपचूप कुलूप काढून द्यायच्या. आता त्याला कळलं तर कळू दे.

भाऊजींनाही मी विसरलेले नाही. शेडमधला पिवळा बल्ब, वायर आणि होल्डरसकट, त्यांना द्यावा. हे वाचताना त्यांना समोर बसवावं. चहा द्यावा. बिस्किट देऊ नये.

ठिकाण: शेडच्या दारातली खुर्ची.
तारीख: बारा, वर सांगितलेला मंगळवार.
सही: माझी, चष्मा लावून केलेली.
साक्षीदार: १) खाद्यवाला. सगळं वाचलं, हसलो नाही. २) अंडीवाली. मी हसले.

साक्षीदारांनो, उठू नका. एक राहिलंय, त्याच्याखाली पुन्हा सह्या करा.

संध्याकाळी शेडच्या झडपा मीच लावते, सुनेला लावू देत नाही. का, ते तिला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. माझा धंदा चाललेला बघून भाऊजींनी स्वतःची शेड घातली, तीनशे पिल्लं आणली. कुलूप काढलं आणि कुंपणाशी येऊन गोड आवाजात विचारलं, "वहिनी, तो बल्ब किती दिवस ठेवायचा?"

पिल्लांना ऊब लागते ती चार आठवडे. मग बल्ब काढायचा. अंधार झाला की अंधारच, झडपा त्यासाठीच. उजेड जास्त झाला की तलंग अंग भरायच्या आधी अंड्यावर येते.

मी म्हटलं, "विकेपर्यंत ठेवा भाऊजी. रात्रभर."

चौदाव्या आठवड्यात त्यांच्या तलंगा गोट्यांएवढी अंडी घालायला लागल्या. अंग बाहेर आलं, रक्त दिसलं, एकमेकींना टोचून मेल्या. उरलेल्या कुणी घेतल्या नाहीत. भाऊजी अठरा वर्षं सांगत फिरतायत की या धंद्याला नशीब लागतं.

नशीब नव्हतं. मला सगळं माहीत होतं आणि मी मुद्दाम खोटं सांगितलं. त्या तीनशे तलंगांची मी हात जोडून माफी मागते. भाऊजींची नाही.