आधी तुकडा, मग थान

मंगळवार, संध्याकाळ

न्यायाधीशाच्या परीक्षेचा निकाल पुन्हा पाहिला. कायद्यात चांगले गुण, निबंधात नापास. एवढी पानं भरून? अण्णा पांडेसऱ्याच्या, कापड रंगवायच्या डाईंग मिलमधून आले. हात धुतले तरी नखं, बोटं निळीच. म्हणाले, "वाच तुझा निबंध." परीक्षेनंतर आठवून लिहून ठेवलेली तीन पानं वाचली.

"तुला म्हणायचं काय, तेच समजलं नाही पोरी. आम्ही पहिले तुकडा रंगवतो. तो पास झाला, मंगच कापडाची अख्खी थानं रंगात टाकतो."

राग आला. पण खरंच, काय म्हणायचं होतं मला? चार ओळींत लिहून दिलं. अण्णा पुन्हा हात धूत होते; ओल्या हातानंच कागद धरला, वाचला. "आता समजलं."

कागदाच्या कोपऱ्यावर निळा अंगठा उमटलाय. पास झालेला तुकडा मिलमध्ये जपून ठेवतात म्हणे. मीही ठेवलाय.