घोड्याच्या पोटातल्या चांदण्या

बाबा, काल गच्चीवरून पुन्हा तो घोडा पाहिला. डिसेंबरात दिवेलागणीनंतर तो अगदी डोक्यावर येतो, चार चांदण्यांचा मोठा चौकोन म्हणजे त्याचं पोट. कुवेतला मी आठवीत असताना शाळेच्या लायब्ररीतून ग्रीक गोष्टींचं पुस्तक आणलं होतं. तिथल्या मंगफ भागातल्या आपल्या स्वयंपाकघरात चहा निववत तुम्ही मला ते मोठ्याने वाचायला लावलंत. राक्षसिणीचं मुंडकं उडवल्यावर तिच्या रक्तातून पंखांचा घोडा जन्मला, आणि आकाशात तो उलटा टांगलाय, तोही पुढचा अर्धाच. तुम्ही म्हणालात, "अगो, मागचा अर्धा कोणी नेलान? आणि उडणाऱ्याला टापा कशाला?" क्रेन चालवणाऱ्या माणसाला असे प्रश्न पडतात याचं मला नवल वाटायचं.

आकाश जितकं काळोखं, तितक्या चौकोनाच्या आत जास्त चांदण्या दिसतात, असं पुस्तकात होतं. म्हणून शुक्रवारी, सुटीच्या रात्री, तुम्ही मला गाडीने वाळवंटात नेलंत. मी सहा मोजल्या आणि उगाच थट्टेने "अकरा" म्हटलं. तुम्ही लगेच म्हणालात, "बरोबर, माझ्यापण अकराच." मी घोड्याचं तोंड कुठे ते विचारलं, तर तुमचं बोट भलतीकडेच. मला हसू येईना. क्रेनखालचा माणूस हाताने खूण करतो, ती वरून बघून तुम्ही लोखंड उचलता, हे तुम्हीच मला सांगितलं होतं.

दोन दिवसांनी चाचा चहाला आले. तुमचे फोरमन, रत्नागिरीकडचे, तुमचे जिवलग. तुम्ही आंघोळीला गेला होतात. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. "तू गप ऱ्हा, मी बघतंय," एवढंच ते म्हणाले. आठवड्याभरात सगळ्याच ऑपरेटरांचे डोळे तपासले गेले आणि तुम्ही क्रेनवरून स्टोअरमध्ये आलात. चाचांनीच चुगली केली असं तुम्ही धरून बसलात. ते दाराशी येऊन हाका मारतायत, तुम्ही कडी काढत नाही, आणि मी तिथेच वहीत मान घालून बसलेय. मरेपर्यंत तुम्ही त्यांच्याशी बोलला नाहीत. त्यांनी माझं नाव घेतलं नाही.

डोळ्यांचं सांगितल्याचा मला पस्तावा नाही. गप्प बसल्याचा आहे. आणि एक अजून विचारावंसं वाटतं, तुम्हाला कधीपासून दिसत नव्हतं? तो घोडा तरी कधी दिसला होता का?

चाचा आता गावी असतात, फार थकलेत. तुम्हाला पत्र पाठवायची सोयच नाही. त्यांचा पत्ता मात्र माझ्याजवळ आहे, आणि त्यांनाही मी अजून काही लिहिलेलं नाही.