मंडळाच्या नव्या पेटीबद्दल भाऊजींस

आर्णी,
शुक्रवार

आदरणीय नागोराव भाऊजींना अश्वजितचा सविनय जयभीम.

इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. घरची सगळी ठीक आहेत, मी नाही. तुमचा गुडघा कसा आहे? साखर किती निघाली? ताईने सांगितलं की तुम्ही चहा आता बिनसाखरेचा घेता आणि त्याच्यासोबत बालुशाही खाता. (रागावू नका, तिने काळजीपोटी सांगितलं.) हे पत्र हाती पडल्यावर घाबरू नका. आपल्याकडे कोणी हातचिठ्ठी घेऊन आलं की लोक आधी रडून घेतात आणि मग वाचतात. कोणी गेलेलं नाही. आमच्या समोरच्या हंसाबाई तुमच्या केळापूरला लेकीकडे निघाल्या, त्यांच्या हाती देतो आहे. फोन का केला नाही, ते खाली येईलच.

तुम्हाला ठाऊक आहे की मी आपल्या बौद्ध वधू-वर परिचय मंडळाचं ऑफिस सांभाळतो आणि परवा रविवारी मंडळाचा मेळावा आहे. हॉल ठरला, भोजनदान देणारे ठरले, माइकवाला ठरला. राहिले फक्त बायोडाटा. तीन-चार तालुक्यांतल्या चारशेच्या वर मुलामुलींचे बायोडाटा माझ्या ताब्यात आहेत, म्हणजे होते, म्हणजे तेच सांगायला बसलो आहे. कोरोनापासून आपण कागद बंद केला. लोक मोबाइलवर फॉर्म भरतात, फोटो टाकतात आणि ते सगळं क्लाउडवर जाऊन बसतं. क्लाउड म्हणजे कुठल्याशा कंपनीचे कुठेतरी ठेवलेले कॉम्प्युटर. ते आपण पाहिलेले नाहीत, पण भाडं आपण भरतो.

पावसाळ्यात बातमी आली की दुसऱ्या एका मंडळाच्या कार्यकर्त्याने आपल्या लॅपटॉपवरची एक फाइल पुसली आणि क्लाउडवरचीही पुसली गेली. (दोन्ही एकमेकांना बांधलेल्या असतात म्हणे, एका बैलाने मान वळवली की दुसऱ्याचीही वळते.) ते ऐकून मला रात्रभर झोप नाही. कॉम्प्युटरवर बोट ठेवायची भीती, न ठेवावं तर काम होत नाही. शेवटी विजयमालाबाईंना सांगितलं. त्या मंडळाच्या अध्यक्षा, शाळेतून हेडमास्तरीण म्हणून निवृत्त झाल्या, पण ते त्यांना कोणी कळवलेलं नसावं. त्यांनी ऐकून घेतलं आणि निकाल दिला, ‘‘आपलं लेकरू लोकाच्या घरी किती दिवस ठेवाचं? एक जोडी आपल्या घरी पाह्यजे.’’ म्हणजे नेटवर्क स्टोरेज घ्यायचं. ही एक छोटी पेटी असते, आत डिस्क असतात, ती ऑफिसच्या नेटला जोडायची.

निवडायला मला यवतमाळला पाठवलं. तिथे बसस्टँडमागे पूनमसिंग राठोड यांचं दुकान आहे. माणूस सज्जन, पण त्याच्याशी बोलून कोणाची भीती कमी झाली असेल असं वाटत नाही. मी साधी एका डिस्कची पेटी मागितली. त्याने विचारलं, डिस्क बंद पडली तर? त्यापेक्षा दोन डिस्कची घ्या म्हणाला, दोन्हींत तेच ते राहतं, एक गेली तरी दुसरी आहे. मी विचारलं, दोन्ही एकदम गेल्या तर? त्याने चार डिस्कची दाखवली. मी विचारलं, वीज गेली तर? त्याने यूपीएस दाखवला, म्हणजे वीज गेल्यावर थोडा वेळ पुरणारी बॅटरी. मी विचारलं, आग लागली तर, पेटीच उचलून नेली तर? मग तो थकला आणि म्हणाला की एक नक्कल तिसऱ्या गावी ठेवा. ते मी हसण्यावारी नेलं. (आयुष्यात एकदाच मी एखादी धोक्याची सूचना हसण्यावारी नेली आणि ती नेमकी ही.)

शिवाय काही पेट्या नुसत्या कोठीसारख्या असतात, आपण नेऊन ठेवू तेवढं ठेवतात. काही मात्र स्वतः क्लाउडवर जाऊन मेल, तक्ते, फोटो, फॉर्म सगळं उचलून आणतात. आपल्याला दुसऱ्या जातीची हवी होती. इथे कार्यकारिणीची बैठक झाली. एकाने कुलूपवाली पेटी हवी म्हटलं, एकाने पांढरी नको, धूळ दिसते म्हटलं, आणि खजिनदारांनी पंखा किती वीज खातो यावर चहा संपेपर्यंत भाषण केलं. शेवटी दोन डिस्कची, काळी, स्वतः जाऊन आणणारी पेटी ठरली. पूनमसिंगने येऊन यूपीएससकट बसवली. दिवसा सगळं गाव व्हिडिओ पाहतं, नेट रांगतं, म्हणून त्याने पेटीला रात्री एकची वेळ नेमून दिली. मी बाबासाहेबांच्या फोटोखाली, उदबत्तीचा धूर लागणार नाही अशा बेताने तिची जागा केली. समोर हिरवा दिवा लागला आणि मी कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवलो.

आता माझं डोकं कसं चालतं पाहा. एक भीती गेली की तिची जागा दुसरी घेते. कुठूनशी यादी मिळवून कोणीतरी पोरींना फोन करतो असं कानावर आलं. आपल्या क्लाउडवर तर पोरींचे नंबर, पत्ते, फोटो. मी विचार केला, आता सगळं आपल्या पेटीत आहे, मग उघड्यावर कशाला? म्हणून वरचं सगळं पुसलं. तिथल्या कचऱ्याच्या डब्यात ते पडून राहतं असं वाचलं होतं, तर तो डबाही रिकामा केला. कापूस वेचणीचे दिवस पेटी आली तेव्हाच सुरू झाले होते. त्या दिवसांत सोयरिकीला कोण येतं? महिना-दीड महिना मी एकही बायोडाटा उघडला नाही. रोज सकाळी हिरवा दिवा पाहायचो आणि हात जोडायचो.

काल बाईंनी मेळाव्याच्या पुस्तिकेसाठी बायोडाटा काढायला सांगितले. मी पेटी उघडली. आत काहीच नव्हतं. मांडणी अगदी नीट होती, मेलसाठी खण, फोटोसाठी खण, फॉर्मसाठी खण, आणि सगळे खण रिकामे.

भाऊजी, आपलं ऑफिस कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीला लागून आहे. कापसाच्या हंगामात मालकाची अट असते की शेवटी निघणाऱ्याने मेन स्विच खाली पाडून जायचं, एक ठिणगी उडाली तर कापसाची गंजी राहणार नाही. आणि माझा स्वभाव तुम्ही जाणता. मी नुसता मेन पाडत नाही, अर्ध्या रस्त्यातून परत येऊन पडला आहे की नाही ते पाहून जातो. सहा वाजता मेन पडायचा आणि पेटीची कामाची वेळ रात्री एकची. स्विच पाडला की यूपीएस थोडा वेळ कुईकुई करायचा, मला वाटायचं नवं यंत्र आहे, असेल त्याची रीत. पेटी बिचारी रोज सकाळी इंग्रजीत मेल पाठवून कळवत होती की मला चुकीच्या रीतीने बंद केलं, काल रात्रीचं काम झालं नाही. अनोळखी इंग्रजी मेल उघडला की बँकेतून पैसे जातात, म्हणून मी ते सगळे न उघडता पुसले.

पूनमसिंगला फोन केला. क्लाउडवरून परत मागवायची मुदत असते, ती कधीच उलटली. मी विचारलं, पण दिवा तर हिरवा होता. त्याने आधी मेन स्विचची सगळी हकीकत ऐकून घेतली. मग म्हणाला, ‘‘भाऊ, दिवा हिरवा म्हंजे पेटी जागी हाये. पन कामाच्या टायमाले तुमी तिले रोज झोपवून राह्यले, मंग काम करन कवा?’’

बाई काय म्हणतील याची भीती आहेच. त्या अजून काही बोलल्या नाहीत, कारण त्यांना अजून सांगितलेलं नाही. पुस्तिका छापायला टाकली आहे असं मी सांगितलं आहे. पण खरं सांगू का, बाकीच्यांना फोन करून पुन्हा फॉर्म भरा म्हणता येईल, चार शिव्या खाता येतील. महागावची नलू आहे. नवरा गेला तेव्हा पदरात लेकरू. दोनदा ऑफिसच्या दारापर्यंत येऊन परत गेली. तिसऱ्यांदा बसली आणि मोबाइलवर एका बोटाने, मान खाली घालून, सगळं स्वतः लिहिलं. तो कसा गेला, लेकरू सोबत येईल, ते चालत असेल तरच फोन करा. भरून झाल्यावर मला म्हणाली, ‘‘दादा, हे एकदाच लिवलं, आता पुन्यांदा कोनी विचारू नका.’’ मी हो म्हटलं होतं. आता तिला फोन करून काय सांगू? याची मला जी भीती वाटते ती आजवर कशाचीच वाटली नाही, आणि मी शेळीला भिणारा माणूस आहे.

असो. तिकडे थंडी कशी आहे? गुडघ्याला तेल लावत जा. ताईला जयभीम, पण हे पत्र दाखवू नका.

तुमचा,
अश्वजित

ता. क. : मुख्य गोष्ट राहिली. तुमच्या पायल आणि रवीसाठी स्थळं पाहा म्हणून तुम्ही सांगितलं तेव्हापासून मंडळात आलेला प्रत्येक बायोडाटा मी तुम्हाला व्हॉट्सअॅपवर पाठवत आलो. निवडत बसलो नाही. एखादा गाळला आणि तोच नेमका चांगला निघाला तर ताई जन्मभर बोलेल या भीतीने मुलांचे, मुलींचे, नलूचासुद्धा, सगळे पाठवले, आणि कोणाला दिसू नयेत म्हणून माझ्या फोनमधून लगेच पुसले. (हे मंडळाच्या नियमात बसत नाही, बाईंना कळता कामा नये.) तुमचा फोन म्हणजे गच्च भरलेलं पोतं, रवी त्यावरून रोज ओरडतो, हे मला माहीत आहे. तो फोन घेऊन उद्या पहिल्या गाडीने आर्णीला या. रवीच्या हाती देऊ नका, बंद करू नका, आतल्या खिशात ठेवा. भाडं माझ्याकडे लागलं.

ता. क. २ : फोन केला असता, पण तुमचा फोन ताई उचलते आणि ताई ही विजयमालाबाईंची विद्यार्थिनी. मेसेज टाकला असता, पण तो फोन इतका भरलेला आहे की माझ्या एका मेसेजने तो कायमचा झोपेल अशी भीती वाटली.

ता. क. ३ : पायलचं जमल्याबद्दल अभिनंदन सुरुवातीलाच करायला हवं होतं, घाबरण्यात राहून गेलं. मुलगा चांगला आहे. तेव्हा आनंदात तुम्ही मला विचारलं होतं की पोरीचं जमलं, रवी दोन वर्षं थांबतो म्हणतो, मग हे सगळे बायोडाटा आता पुसून टाकू का. मी म्हटलं होतं, पुसा, अगदी खुशाल पुसा. भाऊजी, लग्न झाल्यापासून आजवर तुम्ही माझा एकही सल्ला ऐकलेला नाही, आणि मी ताईजवळ त्याबद्दल नेहमी कुरकुर केली. हात जोडून विचारतो, हा तरी ऐकला नाही ना?