प्रगत गणिताचा अर्ज

प्रिय चिमे,
तुला आणि लेकीला अनेक आशीर्वाद.

मी मजेत आहे, खोकलाही गेला. भाऊजींचा गुडघा कसा आहे?

आमची शाळा मुलांची कॉलेजसाठी तयारी करून घेणारी, त्यामुळे प्रगत गणिताला झुंबड असते आणि तो विषय घ्यायच्या अर्जावर गणिताचा शिक्षक म्हणून सही माझी लागते. सोमवारी एक लाजरी मुलगी अर्ज घेऊन आली. गुण जेमतेम होते. मी म्हणालो, "तुला झेपायचं नाही. साधं गणित घे." तिने मान डोलावली आणि माझ्याच पेनाने तो विषय खोडला.

घरी येताना आठवलं. दहावीनंतर तुला सायन्सला घालायचं का, असं बाबांनी मला विचारलं होतं. मोठ्या भावाच्या तोऱ्यात मी हेच म्हणालो होतो, "तिला झेपायचं नाही." तू शेजारीच उभी होतीस. काही बोलली नाहीस, म्हणून मला वाटलं, तुला पटलं.

काल त्या मुलीला बोलावून म्हणालो, "माझं चुकलं. अर्ज पुन्हा भर, मी शिकवतो तुला."

ती म्हणाली, "नको सर. तुम्ही बरोबरच म्हणालात."

चिमे, तुलाही अजून तसंच वाटतं का गं?

तुझा चुकलेला,
दादा