सगळे जेरी ओ'सलिव्हन

७ ऑक्टोबर, सोमवार

आज म्युरन शेजारच्या खुर्चीत बसून काहीतरी गुपचूप चघळत होती, आणि मला एकदम तिची आई आठवली. कॉन्व्हेंटमध्ये टायपिंगच्या तासाला मी आणि नोरीन एका बाकावर. अक्षरं दिसू नयेत म्हणून सिस्टर बेनिग्ना आमच्या हातांवर स्वयंपाकघरातलं फडकं पसरायच्या. फडक्याखालून नोरीन मला मनुकांच्या बनचा तुकडा सरकवायची. बाहेर पाऊस, वर्गात ओल्या लोकरीचा वास. नोरीन कधी सापडली नाही. मी दरवेळी.

नोरीन आता नाही. तिची मुलगी आमच्या दूध संघात प्रोग्रामर आहे, आणि मला कॉम्प्युटर शिकवते आहे.

कारण आमचा मॅनेजर फिनबार. साहेब म्हणाले, टँकरचं वेळापत्रक या महिन्यापासून नवी सिस्टिम लावते आहे, मग अट्रॅक्टा, नोव्हेंबरपासून तुझं काय करायचं ते बघू. 'बघू' मला आवडलं नाही. आजवर रोज सकाळी शेतकऱ्यांचे फोन घेत कुठला टँकर कुठल्या गोठ्यावर जायचा हे मी ठरवत आले. एकसष्टाव्या वर्षी मी जाऊ कुठे?

निश्चय: महिनाअखेरपर्यंत प्रोग्रामर व्हायचं.

९ ऑक्टोबर, बुधवार

म्युरन प्रोग्रामच्या चार ओळी लिहिते आणि खुर्चीतून उठून टाळ्या वाजवते. म्हणाली, बघ गं, एक अक्षर जास्त नाही, रडू येतं की नाही? मी म्हणाले, येतं. मला फक्त कंस दिसत होते. म्हणाली, कळलं नाही तर बिनधास्त विचार हं, मूर्ख प्रश्न असा नसतोच.

मी काही विचारलं नाही. म्हणजे सगळं कळलं असणार.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

कीबोर्डला हात लावला की झालं. एक बटण चुकलं तर अख्ख्या द्वीपकल्पाचं दूध समुद्रात, असं वाटत राहतं. म्युरन म्हणते, घाबरतेस काय, मोडून टाक, मोडल्याशिवाय शिकत नाही कुणी. आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये नेमकं उलट शिकवलं होतं. तरी आठवडाभरात बरेच चुकलेले पत्ते दुरुस्त केले. फिनबारच्या लक्षात आलं असेलच. बोलून दाखवणाऱ्यांतला नाही तो.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

अखेर माझ्या आवाक्यातलं काहीतरी. म्युरन म्हणाली, एकच गोष्ट दोनदा लिहून ठेवणं हे आमच्यात महापाप. पाप हा विषय माझा लहानपणापासून पक्का आहे.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

म्युरन कॉर्कला दाढ काढायला गेली. सोमवारी येईल. तिच्या माघारी तिला थक्क करायचं ठरवलं.

शेतकऱ्यांची यादी उघडली. देवा रे! जेरी ओ'सलिव्हन, जेरी ओ'सलिव्हन, जेरी ओ'सलिव्हन. खालपर्यंत तेच. कुण्या आळशाने पुन्हा पुन्हा लिहून ठेवलेलं. एक ठेवला, बाकीचे पुसले. यादी कशी लख्ख झाली.

फिनबारला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, छान, छान, आणि सँडविच खात राहिला. भारावला असावा.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार, सकाळ

पाव कापता कापता सुरी हातातच राहिली.

पुलाजवळचा जेरी. तांबडा जेरी. अमेरिकन जेरी, जो आजवर लिमरिकच्या पुढे गेलेला नाही. मौनी जेरी. चर्चमागचा जेरी, ज्याच्याबरोबर मी एकदा नाचले होते.

टोपणनाव इथे कुणी तोंडावर घेत नाही, मग संघाच्या कागदावर कोण लिहिणार? यादीत सगळे नुसतेच जेरी ओ'सलिव्हन. या प्रत्येकाच्या आईला मी ओळखत होते. आणि मी त्यांना पुसून टाकलं.

टँकर यादीतल्या नावांकडेच जातो, एक दिवसाआड. गेला नाही तर टाकी भरून वाहणार. गाई काही आपल्यासाठी थांबत नाहीत.

दुपार

पुलाजवळच्या जेरीला फोन केला. टँकर आला का, हे विचारायला जीभ रेटेना. खुबा कसा आहे विचारलं. तो म्हणाला, खुबा आहे तिथेच आहे, पण तू आपणहून फोन करून खुब्याची चौकशी करतेस म्हणजे नक्की कुणीतरी गेलंय. कोण गेलं ते सांग, दफनाला घालायचा कोट इस्त्रीला टाकायचाय. मी म्हणाले, कुणी नाही. तो म्हणाला, अजून नाही म्हण. मी फोन ठेवला.

फिनबारला सांगायला हवं होतं. पण शुक्रवारी त्याला वाईट बातमी देऊ नये. म्युरनला कळवलं असतं, पण तिची दाढ दुखत असेल. केवळ माणुसकी म्हणून गप्प बसले.

२० ऑक्टोबर, रविवार

चर्चमध्ये मिस्सेला सगळे जेरी हजर. मला कधी नव्हे ते इतके ओ'सलिव्हन दिसले. तांबडा जेरी माझ्याकडे बघून हसला. ज्याचं दूध गटारात गेलंय तो माणूस हसेल कशाला? वकील गाठला असणार. मौनी जेरी काहीच बोलला नाही. हे तर त्याहून वाईट.

मनावर पाप असताना प्रसाद घ्यायला उठले नाही. बाहेर फादरनी विचारलं, बरं नाही का? मी म्हणाले, दाढ. आता खोटंही.

२१ ऑक्टोबर, सोमवार

म्युरन यायच्या आधीच दारात उभी राहिले. एका दमात सगळं सांगितलं. सुजलेला गाल दोन्ही हातांनी धरून ती हसायला लागली. हसवू नकोस गं, टाके तुटतील! अगं, तुझ्याकडे आहे ती सरावाची नक्कल. खरी यादी वेगळीच. शिकणाऱ्याला कुणी खऱ्याला हात लावू देतं का? टँकर सगळीकडे वेळेवर गेले.

खुर्चीत बसून घळघळा रडले. देवाचे आभार मानले, सगळ्या जेरींसाठी एकेक प्रार्थना म्हटली.

मग विचारलं, आणि मी दुरुस्त केलेले पत्ते?

तेही नकलेतच.

फिनबारला माहीत होतं?

म्युरनचं हसू थांबलं. म्हणाली, वेळापत्रक आपोआप लागणार हे त्याने उन्हाळ्यातच ठरवलं होतं, तुझ्या जागी कुणीच नसणार. मी त्याच्याशी भांडले. म्हटलं, मला शिकवून बघू दे, ही बाई मला माझ्याबरोबर हवी आहे. पण अट्रॅक्टा, तू दोन आठवड्यांत एकही प्रश्न विचारला नाहीस गं. त्याला काय दाखवू मी?

मी म्हणाले, मला सगळं कळत होतं. तिने माझा हात धरला. मी तो सोडवून घेतला, चहा करायचा होता म्हणून.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

निवृत्ती मी स्वतःहून घेते आहे. फिनबारने फक्त तारीख सुचवली, आणि पत्राचा मजकूर. शिकण्यासारखं इथे आता काही उरलेलंही नाही.

वाटपाचं लिहून ठेवते, मागाहून गोंधळ नको.

चहाची किटली म्युरनला. झाकण पडतं, बोटाने धरावं लागतं. खिडकीतलं जिरॅनियम फिनबारला. नको, त्याच्याकडे मरेल. तेही म्युरनलाच. फिनबारला खुर्चीवरची उशी.

शेतकऱ्यांचे सकाळचे फोन मशीनला देऊ नयेत. ते टँकरसाठी नसतात. म्युरनने घ्यावेत, आणि आधी तब्येत विचारावी.

माझा पासवर्ड मी आजवर कुणाला सांगितला नव्हता. आता मागेल त्याला द्यावा. त्या पासवर्डने खरं काहीच उघडत नाही.