पिवळ्या रेनकोटची पाठ

रविवार, ११ ऑक्टोबर

प्रिय वन्सं,

मी ठणठणीत आहे. ताप नाही, खोकला नाही, वास येतो, चव कळते. हल्ली माणसाला आधी एवढं सांगून टाकावं लागतं, मग पुढचं. तुमचा गुडघा कसा आहे? शेकायची पिशवी वापरताय ना, की मी पाठवली तशीच कपाटात पडून आहे?

परवाच तर फोन झाला, मग पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. त्याचं असं आहे, तुम्ही कानातलं यंत्र लावत नाही. मग मला ओरडावं लागतं, आणि दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरची बाई जिन्यात मला तुमच्या गुडघ्याची चौकशी करते. आज जे सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही.

तर बातम्या. स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळतोय. दुकान उघडायची परवानगी मिळाली आहे, पण नवे कपडे कोण शिवणार? सगळे घरात पायजम्यावर बसलेत. कंबर सैल करून द्या म्हणून मात्र रांग आहे. मास्क इतके शिवले की झोपेतही माझी बोटं चुण्या घालत असतील.

आणि काल आमचा चालणाऱ्यांचा गट समुद्रावर जाऊन आला. गटाबद्दल मी तुम्हाला सांगितलं होतं, पण तुम्ही 'खटला' ऐकलंत आणि घाबरलात, म्हणून पुन्हा सांगते. आम्ही सहा जण. सहापेक्षा जास्त माणसांनी एकत्र जमायचं नाही असा नियमच आहे. सगळ्यांच्या पुढे कवायत मास्तर, शाळेतून निवृत्त झाले तरी गळ्यातली शिट्टी सुटलेली नाही. मग नर्सबाई आणि त्यांचे यजमान, मग बेकरीवाले, मग चौकातले घड्याळवाले, आणि सगळ्यांत मागे मी. एकामागून एक चालायचं आणि दोघांच्या मध्ये एक माणूस आडवा झोपू शकेल एवढी जागा ठेवायची. मागे वळून बघायचं नाही, बघितलं की शिट्टी. त्यामुळे काय होतं, पुढच्याच्या पाठीशी बोलायचं आणि मागच्याचं ऐकायचं, अशी आम्हाला सवय लागली आहे. मोकळं बोलता येतं हो असं. समोर डोळे नसले की जीभ सुटते.

घड्याळवाले गटात आले तेव्हा त्यांच्या चष्म्यावर सारखी वाफ धरायची. मी त्यांना नाकाशी तार घातलेला मास्क शिवून दिला. नर्सबाईंनाही दिला, सगळ्यांनाच दिला, उगाच हसू नका. पण त्यांनी तो घालून पाहिला आणि म्हणाले, आता मला तुमच्या दुकानाची पाटी वाचता येते. मग पुढच्या आठवड्यात पुन्हा वाचायला आले.

पाल्हाळ लावतेय, कळतंय मला. लावू द्या जरा.

काल हवा वाईट होती. जोराचा वारा आणि बारीक पाऊस. मास्तरांनी सगळ्यांसाठी एकसारखे पिवळे रेनकोट आणले होते, डोक्यावर टोपीसकट. कोणी घसरलं तर लांबून दिसावं म्हणून. वाट कड्यावरून जाते, डावीकडे खाली समुद्र. सहा पिवळी पोती निघाली एकामागून एक. मास्तर म्हणाले, आता एकमेकांना ओळखणार कसं? मी म्हटलं, मला नका सांगू. जन्मभर लोकांच्या पाठी मापल्यात, मी पाठीवरून माणूस ओळखते. घड्याळवाल्यांचा उजवा खांदा खाली झुकलेला आहे, टेबलावर वाकून वाकून. गोणपाट घालून आले तरी ओळखेन.

वन्सं, गर्व माणसाला कुठे नेऊन आपटतो ते ऐका आता.

वाटेत माझी बुटाची नाडी सुटली. ती बांधायला मी वाकले, उठले, आणि पुढे उजवा खांदा झुकलेली पिवळी पाठ दिसली. वारा जोरात होता, बाकीचे पुढे गेले होते. मला वाटलं, आत्ताच. आत्ता नाही बोलले तर जन्मात बोलणार नाही.

कारण त्यांनी मला काही विचारलं होतं. दुकानात येऊन, काउंटरच्या त्या बाजूला उभं राहून, दाराकडे बघत. त्यांचं म्हणणं, साथ कधी संपेल सांगता येत नाही, दोघं दोन घरांत एकेकटे जेवतो, तर उरलेलं आयुष्य एका घरात काढू या का. रीतसर, लग्न करून. अर्धा चेहरा बघून माणूस असं विचारतो म्हणजे धाडसच म्हणायचं. मी विचार करते म्हटलं आणि तेव्हापासून हवापाण्याखेरीज त्यांच्याशी काही बोलले नव्हते.

तर त्या पाठीला मी सगळं सांगितलं. चालता चालता, मोठ्यानं, वाऱ्यात. म्हटलं, मला नाही जमणार. तुम्ही आवडत नाही असं नाही, आवडता, तीच तर अडचण आहे. पण मला ना आई, ना भावंडं. एक नणंद आहे. मी दुसऱ्या घरची झाले तर तिची कोण राहीन? मला कोणाची तरी वहिनी राहायचंय.

पाठ थांबली नाही. चालत राहिली. मला वाटलं, दुखावले. मी अजून थोडं रडकं काहीबाही बोलले, ते लिहीत नाही.

मग पाठ थांबली, टोपी मागे सरकवली, कानातून गाण्याची वायर काढली आणि बेकरीवाले म्हणाले, "काही म्हणालात का?"

सगळ्यांच्या चहाचा थर्मास त्यांच्याकडे होता. रेनकोटच्या आत खांद्यावर पिशवी, म्हणून खांदा खाली. आणि तेवढ्यात मागून कोणीतरी घसा खाकरला.

मी वळले. पुढून मास्तरांची शिट्टी. मागे घड्याळवाले. मी नाडी बांधायला वाकले होते, त्याच्या जरा आधी तेही बुटातला खडा काढायला एका दगडामागे बसले होते. मला वाटलं ते पुढेच आहेत. आणि वारा समोरून मागे वाहत होता, वन्सं. माझा शब्द न् शब्द त्यांच्या कानात नेऊन घातला त्यानं. बेकरीवाल्यांपर्यंत एकही पोचला नाही.

उरलेली वाट कशी चालले ते माझं मला माहीत.

जेवायला एका पडक्या बांधावर बसलो, लांब लांब. मास्क काढले. इतके महिने एकत्र चालतोय आणि पहिल्यांदाच सगळ्यांचे चेहरे पाहिले. घड्याळवाल्यांना मिशी आहे. पांढरी, चांगली भरघोस. मी मनात त्यांचा चेहरा पुरा करून ठेवला होता, त्यात मिशी नव्हतीच. मला हसू आलं. इतकी कानकोंडी झाले होते तरी आलं. तेही माझ्याकडे बघत होते, बहुतेक माझ्या हनुवटीचा हिशेब लावत असावेत.

पाव आणि उकडलेली अंडी खाऊन झाली, चहा झाला, तेव्हा ते अंतर राखून बांधाच्या माझ्या टोकाशी आले. रागावले नव्हते. शांतपणे म्हणाले, "तुम्ही नणंदेला विचारलंत का? की त्यांच्या वतीनं तुम्हीच नाही म्हणून टाकलंत?"

नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत आमच्यातलं. ते म्हणाले, काहीच माहीत नाही, म्हणून तर विचारतोय. आणि जाऊन आपल्या जागी बसले. परत येताना ते माझ्या पुढे चालत होते. खांदा झुकलेलाच होता, खरं तर मला तो आधीच ओळखता यायला हवा होता.

रात्रभर तुमच्यावरच चिडले होते, काही कारण नसताना. सकाळी उठून कागद घेतला.

लग्न होऊन आले त्या पहिल्या आठवड्यात मी दुधाचं पातेलं जाळून त्याचा कोळसा केला होता, आठवतं? तुम्ही ते तुमच्या पलंगाखाली लपवलंत आणि सासूबाई महिनाभर शोधत राहिल्या. तुमचे दादा गेले तेव्हा तुम्ही आलात, माझ्या शेजारी त्यांच्या जागी झोपलात, आणि मला एकदाही रडू नको म्हणाला नाहीत. तुमचा भाऊ गेला होता आणि तुम्ही माझे पाय चेपत होतात. मी हे कधी बोलले नाही. आज लिहिते.

दादांना मी विसरले नाही, हे सांगायची गरज आहे का? त्यांचा कोट दुकानातल्या खुंटीवर आहे. घड्याळवाल्यांनी एकदा विचारलं होतं, कोपर इतकं सुरेख कोणी रफू केलंय. मी म्हटलं, मी, घालणारा फार खिडकीत टेकून उभा राहायचा. ते म्हणाले, मग असू दे तो तिथेच.

माणूस चांगला आहे, वन्सं. मला तो हवा आहे. लिहून टाकलं एकदाचं. पण तुमच्या बदल्यात नको.

तुम्ही नाही म्हणालात तर मी कुढत बसणार नाही, आणि तुमच्यावर राग धरणार नाही. हो म्हणालात तर हद्द उघडली की पहिल्या गाडीनं तुम्हाला आणायला येईन, तुमच्यावाचून काही व्हायचं नाही. मात्र फोन करू नका. तुम्ही काय म्हणाल ते वरच्या बाईच्या आधी मला कळू दे. लिहा.

खाली काय लिहावं, यावर मघापासून पेन धरून बसले आहे. इतकी वर्षं जे लिहीत आले तेच लिहिते. खोडायचं असलं तर तुम्ही खोडा, माझ्या हातून ते होणार नाही.

तुमची,
वहिनी